संगणकीय खेळ, विज्ञानकथा-मालिकांवर आधारलेले

दूरचित्रवाणीवरील विज्ञानकथात्मक मालिकांतील पात्रे, याने, स्थळे व कथासूत्रे घेऊन रचलेल्या संगणकीय खेळांचा हा एक स्वतंत्र वर्ग आहे. मूळ मालिकेचा प्रेक्षक हाच बहुधा या खेळांचा पहिला खेळाडू असतो. त्यामुळे खेळ मनोरंजक आहे की नाही एवढेच तो पाहत नाही. आपल्या परिचयाच्या काल्पनिक विश्वाशी खेळाने इमान राखले आहे काय, याचीही तो कसोटी लावतो. या दोन अपेक्षांचा मेळ क्वचितच बसतो. या वर्गातील खेळांचा इतिहास म्हणूनच बऱ्याच अंशी त्यांच्याविषयीच्या खेळाडूंच्या मतांचा इतिहास आहे. डॉक्टर हू, बॅबिलॉन ५, बॅटलस्टार गॅलॅक्टिका इ. मालिकांवर खेळ निघाले अथवा योजिले गेले. तथापि सर्वांत दीर्घ व सलग परंपरा स्टार ट्रेक या अमेरिकन मालिकेवरील खेळांची आहे.

मूळ मालिका व तिचा प्रेक्षक : जीन रॉडनबरी याने निर्मिलेली ही मालिका एनबीसी या वाहिनीवर १९६६ ते १९६९ या काळात दाखविली गेली. तिचे एकूण ७९ भाग झाले. एंटरप्राइज नावाचे अंतराळयान, त्याचा कप्तान कर्क, तर्कनिष्ठ अधिकारी स्पॉक आणि अपरिचित ग्रहांवरील संस्कृतींशी येणारा संबंध ही तिची मुख्य सामग्री होय. शस्त्रापेक्षा वाटाघाट, आणि विजयापेक्षा योग्य निर्णय, यांकडे तिचा कल होता. मालिका बंद पडणार अशी वार्ता पसरताच १९६८ मध्ये प्रेक्षकांनी वाहिनीकडे पत्रांचा वर्षाव केला आणि मालिकेला तिसरे वर्ष लाभले. मालिकेच्या भवितव्यात आपल्या मताला स्थान आहे, ही जाणीव या प्रेक्षकवर्गात तेव्हापासून रुजली. पुढे हाच वर्ग खेळांचा परीक्षक बनला.

आरंभ : या मालिकेवरील पहिला प्रभावी खेळ कोणा कंपनीने काढलेला नव्हता. १९७१ साली माइक मेफील्ड या कॅलिफोर्नियातील शालेय विद्यार्थ्याने सिग्मा ७ या संगणकासाठी बेसिक भाषेत तो रचला आणि १९७२ मध्ये ह्यूलेट-पॅकर्ड कंपनीच्या संगणकावर नव्याने लिहिला. डेव्हिड आल याने १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बेसिकमधील १०१ खेळांच्या संग्रहात त्याचा समावेश झाला. १९७४ मध्ये बॉब लीडम याने त्याची सुधारित आवृत्ती सिद्ध केली व ती आलच्या १९७८ च्या संग्रहातून घरगुती संगणकांपर्यंत पोहोचली. त्या काळी अनेक संगणकांना पडदा नसे. प्रत्येक चालीनंतर आकाशाचा नकाशा दूरमुद्रकावर अक्षरे व चिन्हे यांच्या रूपाने कागदावर उमटे.

या खेळात अवकाशाचे ६४ विभाग आणि प्रत्येक विभागाचे ६४ उपविभाग कल्पिलेले आहेत. ठराविक मुदतीत शत्रुपक्षाची, म्हणजे क्लिंगॉनांची, सर्व याने नष्ट करणे हे खेळाडूचे उद्दिष्ट असते. यानाजवळील ऊर्जा मर्यादित असून ती गती, संरक्षक कवच व शस्त्रे यांत वाटावी लागते. ती संपत आल्यास मित्रपक्षाच्या तळाकडे परतावे लागते. चित्र, ध्वनी वा संवाद यांचा अभाव असतानाही हा खेळ लोकप्रिय झाला, याचे कारण त्याने खेळाडूच्या हाती कप्तानाची चिंता दिली. शिवाय आज्ञावली पुस्तकात छापलेली असल्याने ती पाहून टंकित करणारा कोणीही तिच्यात फेरफार करू शके. खेळ न रुचल्यास अभिप्राय लिहून थांबण्याचे कारण नव्हते. खेळाडू स्वतःच तो बदलत असे. या खेळाची असंख्य रूपांतरे झाली, ती याच कारणामुळे.

परवानाधारक खेळ : १९८० नंतर मालिकेच्या स्वामित्वधारकांकडून परवाना घेऊन खेळ काढण्याची पद्धत रूढ झाली. सेगा कंपनीचा नाणे टाकून खेळावयाचा खेळ १९८२ मध्ये आला, तर १९८५ मधील द कोबायाशी अल्टर्नेटिव्ह हा खेळ शब्दांतून चालणाऱ्या साहसकथेच्या स्वरूपाचा होता. इंटरप्ले कंपनीने १९९२ साली मालिकेच्या पंचविशीनिमित्त काढलेल्या खेळात मालिकेच्या भागांप्रमाणे स्वतंत्र मोहिमा होत्या. प्रत्येक मोहिमेच्या अखेरीस कप्तानाच्या वर्तनाचे मूल्यमापन टक्केवारीने होई व अनावश्यक हिंसा केल्यास गुण कमी पडत. पुढे तबकडीवरील आवृत्तीसाठी मूळ नटांनी आपले आवाज दिले. कथाभागाची प्रशंसा झाली. परंतु यानांच्या लढाया फार कठीण व कथेच्या ओघात अडथळा आणणाऱ्या आहेत, अशी तक्रार राहिली. १९९३ मधील जजमेंट राइट्स या पुढील खेळात लढायांची काठिण्यपातळी निवडण्याची, इतकेच नव्हे तर त्या गाळण्याचीही सोय ठेवण्यात आली.

१९९५ मध्ये स्पेक्ट्रम होलोबाइटचा अ फायनल युनिटी, १९९७ मध्ये इंटरप्लेचा स्टारफ्लीट अकॅडमी आणि २००० मध्ये रेव्हन सॉफ्टवेअरचा एलिट फोर्स हे खेळ प्रसिद्ध झाले. २००२ मधील ब्रिज कमांडर या खेळात खेळाडू कप्तानाच्या आसनावर बसून सहकाऱ्यांना आज्ञा देतो. याच सुमारास परवाना व मालिका यांतील परस्परावलंबनही स्पष्ट झाले. ॲक्टिव्हिजन या कंपनीने १९९८ मध्ये दहा वर्षांसाठी परवाना घेतला होता. मालिकेचे नवे भाग व चित्रपट पुरेसे न काढल्यामुळे तिचे आकर्षण ओसरले व खेळांचे मूल्य घटले, असा आरोप करून तिने २००३ मध्ये स्वामित्वधारक व्हायाकॉम या कंपनीवर दावा दाखल केला.

खेळाडूंचे निकष : या खेळांविषयीच्या मतांत तीन निकष वारंवार आढळतात. पहिला निकष बाह्य साम्याचा होय. यानाचा आकार, यंत्रांचे ध्वनी, गणवेश, नटांचे आवाज यांतील लहानशी चूकही जाणत्या खेळाडूस खटकते. तथापि केवळ साम्यावर खेळ टिकत नाही. मूळ नटांची चित्रित दृश्ये असूनही स्टारफ्लीट अकॅडमीची चर्चा त्यातील उड्डाण व लढाई यांच्या गुणदोषांभोवतीच अधिक झाली.

दुसरा व अधिक महत्त्वाचा निकष भूमिकेचा आहे. मालिकेतील पात्रे ज्या रीतीने प्रश्न सोडवितात, त्या रीतीने खेळाडूस वागता येते काय, हा तो निकष. संगणकास नेम, अंतर व हानी यांचे गणित सहज करता येते. वाटाघाटीचे वा नैतिक पेचाचे गणित मांडणे कठीण असते. त्यामुळे शांततावादी मालिकेवरील खेळांतही लढाईचे प्रमाण वाढत जाते आणि हीच खेळाडूंची सर्वांत जुनी तक्रार आहे. एलिट फोर्स हा या संदर्भात बोधप्रद अपवाद ठरतो. तो सरळसरळ गोळीबाराचा खेळ असूनही या मालिकेवरील उत्कृष्ट खेळांत त्याची गणना होते. व्हॉयेजर या उपमालिकेतील यानावर संकटांना तोंड देण्यासाठी एक विशेष सशस्त्र पथक उभारल्याची कल्पना त्याच्या कर्त्यांनी केली व लढाईला कथेतच कारण पुरविले. यावरून खेळाडूंचा आक्षेप हिंसेच्या अस्तित्वापेक्षा तिच्या असंगतीवर असतो, असे दिसते.

तिसरा निकष सहवासाचा होय. मालिकेतील यान एकटा कप्तान चालवीत नाही. यूबिसॉफ्टने २०१७ मध्ये काढलेल्या ब्रिज क्रू या खेळात चार खेळाडू कप्तान, चालक, शस्त्राधिकारी व अभियंता ही कामे वाटून घेतात. आरंभी त्यासाठी आभासी वास्तवाची शिरोयंत्रणा आवश्यक होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिच्याविना खेळण्याची सोय झाली. खेळाचा आनंद त्याच्या रचनेइतकाच सोबत्यांवर अवलंबून आहे, असे मत त्याच्याबाबत सर्वसाधारणपणे व्यक्त झाले.

खेळाडूंचा सहभाग : मेफील्डच्या काळी खेळाडू व कर्ता यांत भेद नव्हता, परवान्यामुळे तो निर्माण झाला. तरीही तो भेद पुसण्याचे प्रयत्न चालू राहिले. ब्रिज कमांडरमध्ये खेळाडूंनी नवी याने व मोहिमा घालून त्याचे आयुष्य पुष्कळ वाढविले. क्रिप्टिक स्टुडिओज या संस्थेच्या, २०१० मध्ये सुरू झालेल्या स्टार ट्रेक ऑनलाइन या बहुखेळाडू खेळात ‘फाउंड्री’ नावाची सोय पुढे देण्यात आली. तिच्या साहाय्याने खेळाडू स्वतः मोहिमा रचून इतरांस खेळावयास देत. संवादप्रधान व लढाईविरहित कथा हव्या असलेल्यांना त्या अशा प्रकारे स्वतःच रचता आल्या. एप्रिल २०१९ मध्ये ही सोय बंद झाली आणि तिच्यातील मोहिमा खेळण्याचा मार्गही बंद झाला. १९७३ मधील छापील आज्ञावली आजही टंकित करून चालविता येते. फाउंड्रीतील कथांबाबत तसे म्हणता येत नाही. खेळाडूंची निर्मिती कोणाच्या यंत्रावर व कोणाच्या मर्जीने टिकते, हा प्रश्न या घटनेने पुढे आणला. याउलट १९९२ ते २००३ या काळातील काही जुने खेळ २०१५ व २०२१ मध्ये पुन्हा विक्रीस आले, यामागे त्यांच्याविषयी टिकून राहिलेली आस्था होती.

महाराष्ट्रातील पार्श्वभूमी : मुंबईचे दूरदर्शन केंद्र १९७२ मध्ये सुरू झाले व १९७३ पासून सिंहगडावरील सहक्षेपण केंद्रामार्फत त्याचे कार्यक्रम पुण्यात दिसू लागले. स्टार ट्रेक ही मालिका दूरदर्शनवर १९८० नंतरच्या दशकात, म्हणजे मूळ प्रक्षेपणानंतर सुमारे दोन दशकांनी, दाखविली गेली. भारतीय शाळांत संगणक-साक्षरतेचा ‘क्लास’ हा प्रकल्प १९८४ मध्ये बीबीसी बनावटीच्या सूक्ष्मसंगणकांवर सुरू झाला व बेसिक भाषेची ओळख निवडक शाळांतील विद्यार्थ्यांना झाली. घरगुती संगणक मात्र तेव्हा दुर्मिळ होता. त्यामुळे अमेरिकेत मालिका व खेळ यांची वाढ जशी हातात हात घालून झाली, तशी ती येथे झाली नाही. मालिका आधी आणि खेळ बऱ्याच काळानंतर, तोही इंग्रजीतून, असा क्रम राहिला.

मराठी वाचकांजवळ मात्र विज्ञानकथेविषयीचा स्वतःचा निकष होता. मराठी विज्ञान परिषदेची स्थापना १९६६ मध्ये झाली. तिच्या १९७४ मधील विज्ञानकथा स्पर्धेत जयंत विष्णू नारळीकर (१९३८–२०२५) यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठविलेल्या ‘कृष्णविवर’ या कथेस पहिले पारितोषिक मिळाले. पुढे पुणे येथे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या आयुका या संस्थेचे ते संस्थापक-संचालक झाले. कथेतील कल्पना विज्ञानाच्या ज्ञात नियमांशी सुसंगत असावी, असा त्यांचा आग्रह होता. मराठी वाचक विज्ञानकथेत विज्ञानाशी इमान पाहतो, तर मालिकेवरील खेळाचा खेळाडू त्या मालिकेच्या विश्वाशी इमान पाहतो. दोहोंचे मूळ एकच आहे : कल्पनेला नियम असावेत व ते पाळले जावेत.

पुण्यातील निर्मिती : विसाव्या शतकाच्या अखेरीस पुणे संगणक-उद्योगाचे केंद्र बनले व पुढे तेथे खेळांच्या निर्मितीचाही उद्योग आला. गेमलॉफ्ट कंपनीचा पुणे येथील स्टुडिओ २००८ मध्ये यूबिसॉफ्टने घेतला. या स्टुडिओने दूरचित्रवाणी-मालिकेवर नव्हे, तर २००३ मधील प्रिन्स ऑफ पर्शिया : द सँड्स ऑफ टाइम या गाजलेल्या खेळाच्या नव्या आवृत्तीवर मुंबईतील स्टुडिओच्या सहकार्याने काम केले. तथापि परिचित काल्पनिक विश्वाविषयीची निष्ठा येथेही तितकीच तीव्र होती. सप्टेंबर २०२० मध्ये तिची झलक प्रसिद्ध होताच चित्रण मूळ खेळाच्या कीर्तीस साजेसे नाही, अशी टीका जगभरच्या खेळाडूंनी केली. प्रकाशन प्रथम पुढे ढकलले गेले, नंतर बेमुदत लांबले. मे २०२२ मध्ये काम कॅनडातील माँट्रियल येथील स्टुडिओकडे गेले आणि जानेवारी २०२६ मध्ये हा प्रकल्पच रद्द झाला. काही मिनिटांच्या चित्रफितीवरून बनलेल्या मताचा परिणाम दूरच्या शहरातील कारागिरांच्या कामावर किती खोल होऊ शकतो, हे या प्रकरणावरून दिसून येते.

याच शहरात स्वतंत्र कल्पनेवर आधारलेले खेळही निर्माण झाले. नॉडिंग हेड्स गेम्सचा राजी हा खेळ (२०२०) भारतीय पुराणकथांवर आधारलेला असून त्याच्या चित्रशैलीची प्रशंसा झाली. त्याची लांबी व लढाईची रचना यांवर मात्र टीका झाली. सुपरगेमिंगचा इंडस हा खेळ (२०२४) भारतीय वळणाच्या भविष्यकल्पनेवर उभारलेला आहे. अशा खेळांना जुन्या प्रेक्षकांची हक्काची पसंती लाभत नाही. परंतु जुन्या आठवणींशी होणाऱ्या तुलनेचा भारही त्यांच्यावर नसतो.

अर्धशतकाहून अधिक काळाच्या या इतिहासात यंत्रे पूर्णपणे बदलली. दूरमुद्रकावरील चिन्हांच्या जागी आभासी यानकक्ष आला. खेळाडूंची मूळ मागणी मात्र फारशी बदलली नाही. यान हुबेहूब दिसावे ही त्यांची इच्छा असतेच. पण त्या यानावर जबाबदारीने निर्णय घेण्याची संधी मिळावी, ही तिच्याहून मोठी आहे. जे खेळ ती संधी देऊ शकले, त्यांचे दोष खेळाडूंनी सांभाळून घेतले; ज्यांनी केवळ नाव व चित्र उसने घेतले, ते परवान्याची मुदत संपण्यापूर्वीच विस्मृतीत गेले.