हळदीचं कुंकू

कुंकू करायला लाल असं काहीच लागत नाही. पिवळी हळकुंडं, पांढरा टाकणखार आणि लिंबाचा रस एवढ्यावर काम भागतं; कुणी तुरटी घालतं, कुणी पापडखार. लिंबाच्या रसात खार विरघळवायचा, हळकुंडांचे तुकडे त्यात मुरू द्यायचे, सावलीत वाळवायचे, मग कुटून वस्त्रगाळ करायचं. या कुंकवाला वरून रंग चढवलेला नसतो. हळदच लाल झालेली असते.

हळद आपल्या सांगलीच्या पेठेतली. टाकणखार मात्र लांबचा प्रवासी. तिबेटातल्या खाऱ्या सरोवरांच्या काठी आणि लडाखच्या पुगा खोऱ्यात तो सापडे. शेळ्यामेंढ्यांच्या पाठीवर लहान लहान थैल्या लादून व्यापारी हिमालयाच्या खिंडी ओलांडत. अठराव्या शतकापर्यंत युरोपातल्या सोनारांनाही तो मुख्यतः तिबेटातूनच मिळे. आपल्याकडेही सोनार डाग देताना हाच खार वापरतो. काही ठिकाणी त्याला सवागी म्हणतात.

तो हवाच का? हळदीला नुसता चुना लावला तरी ती लाल होते. पण वर लिंबू पिळलं की पुन्हा पिवळी पडते. टाकणखारातलं बोरॉन हळदीतल्या कर्क्युमिनला बांधून ठेवतं, आणि ही गाठ आंबटातच नीट बसते. म्हणून लिंबू. फोगेल आणि पेल्तिए यांनी 1815 मध्ये हळदीतून हे पिवळं द्रव्य वेगळं काढलं. पुढे रसायनशास्त्रज्ञ हळदीच्या अर्कात भिजवलेल्या कागदाने बोरॉन ओळखू लागले: कागद वाळताना तांबूस होतो, आणि त्यावर अमोनिया टाकला की निळसर काळा पडतो. त्या कागदावर जे घडतं, तेच आपल्या बायका कितीतरी आधीपासून परातीत घडवत होत्या. त्यांची नावं कुठेच नोंदलेली नाहीत, याची मला फार हळहळ वाटते.

कोरडी पूड कपाळावर टिकायची नाही, म्हणून आधी मेणाचं बोट. फणी-करंड्याच्या पेटीत आरसा आणि फणीसोबत मेणालाही जागा असे. हळदीकुंकवासाठी तांबटांनी कैरीच्या आकाराची कोयरी घडवली. आणि बोटाने काढायची ती आडवी चिरी, चंद्रकोर, कपाळभर मळवट. कागद-कुंचला कधी न मिळालेल्या कितीतरी जणींनी रोज सकाळी रेषेचा सराव केला तो इथे. मी त्याला चित्रकलाच म्हणेन.

मग कृत्रिम रंग आले. स्वस्त पांढऱ्या भुकटीत रंग कालवला की काम झालं. ना मुरवणं, ना वाळवणं. अशा कुंकवाने कपाळाला खाज सुटते, काळे डाग पडतात. त्वचारोगतज्ज्ञांनी काही नमुने तपासले, तेव्हा त्यांत सुदान-1 सारखे रंग सापडले. टिकलीचा त्रास निराळा. तिच्या काही डिंकांत असं रसायन असतं की त्या जागची त्वचा पांढरी पडते. शेंदूर तर वेगळीच वस्तू. जुन्या पद्धतीचा शेंदूर शिशाचा असतो, त्यामुळे देवाला लावतानाही तो मुलांच्या हाती लागू देऊ नये.

हळदीचं कुंकूही डोळे मिटून वापरावं असं नाही. काहींना हळदच सोसत नाही, आणि टाकणखार पोटात जाणं वाईट. म्हणून हे कुंकू कपाळापुरतं. तान्ह्या बाळाला लावू नये, प्रसादात सांडू देऊ नये. खाज सुटली तर लगेच धुऊन टाकावं. घरी करायचं असेल तर टाकणखाराचं भांडं आणि कुटायचा खल स्वयंपाकाच्या भांड्यांत मिसळू नयेत, चाळताना नाकातोंडाला फडकं बांधावं, आणि तुकडा मोडून आतपर्यंत लाल दिसल्याखेरीज कुटायला घेऊ नये.