मानेतील सळई आणि तिचा नट

तारांच्या अखंड ओढीने लाकडी मान पुढे वाकते, हे गिटारचे जुने दुखणे. त्यावर मानेच्या गाभ्यातून पोलादी सळई नेऊन तिच्या टोकाचा नट आवळण्याची तजवीज कॅलामाझू येथील गिब्सन कारखान्यातल्या थॅडियस मॅकह्यू यांनी काढली आणि १९२३ साली तिच्या पेटंटाची सनद मिळाली. गिटारनिर्माते लिओ फेंडर यांना मेपलच्या कठीण लाकडास हा बंदोबस्त प्रारंभी अनावश्यक वाटला. परंतु १९५१ साली त्यांचा ३४ इंची तारमापाचा प्रिसिजन बास गिटार आला, तेव्हा मानेच्या पाठीवरील अक्रोडाच्या काळसर पट्टीखाली सळई होतीच, मात्र तिचा नट बुडाशी असा दडलेला, की मान उतरविल्याविना तो पुरता हाती येऊ नये. ही सोय नेमकी कोणाची, असे कारागिरास वाटल्यास नवल नाही.

परिणामी तिरका स्क्रू ड्रायव्हर घालून जोर करणाऱ्या उतावळ्यांनी नटाची फुलीसारखी खाच पार झिजवली. दुरुस्तीचा शिरस्ता असा, की तारा सैल करून मान सोडवावी, आट्यांत तेलाचा थेंब मुरू द्यावा, खाच उरलीच नसेल तर बारीक करवतीने नवी पाडून नट उलटा फिरवीत काढावा, आणि त्याच आट्यांचा नवा नट किंचित ग्रीस लावून प्रथम बोटांनीच चढवावा. कारण सळईचेच आटे बिघडले, तर क्षुल्लक नटाचे काम अख्ख्या मानेच्या खर्चावर जाते.