घसारा

कॉमर्सच्या अभ्यासात ‘घसारा’ या प्रकरणानं आम्हांला जेवढं घासलं, तेवढं दुसऱ्या कशानंच नाही. वस्तू घेतली की दरसाल तिची किंमत घटवत न्यायची, एवढाच त्यातला सिद्धान्त.

आता विली नेल्सन या अमेरिकन गायकाची गिटार घ्या. मार्टिन कंपनीची, एन-२०, नायलॉनच्या तारांची. १९६९ साली त्यानं ती नॅशव्हिलमध्ये ७५० डॉलरला घेतली, तीही न पाहता. (आमच्याकडे वांगीसुद्धा देठ बघून घेतात.) रॉय रॉजर्स या नटाच्या घोड्यावरून तिचं नाव ठेवलं ‘ट्रिगर’. दहा टक्क्यांनी घसारा धरला तर २०१९ साली खातेवहीत तिची किंमत चार डॉलरांच्याही आत येते.

आणि दिसायलाही ती तेवढ्याचीच! वरच्या फळीला चांगलं मोठं भोक पडलेलं. ही जात मुळात बोटांनी वाजवायची, म्हणून फळीवर संरक्षक पट्टी नसते. नेल्सन वाजवणार नखीनं. स्प्रूसचं मऊ लाकूड बिचारं किती सोसणार?

आपण असतो तर नवी फळी ठोकून, पॉलिश मारून मोकळे झालो असतो. पण गिटारीचा आवाज असतो तो त्या फळीतच. म्हणून ऑस्टिनचे कारागीर मार्क अर्लेवाइन भोक बुजवत बसले नाहीत. आतल्या आधाराच्या पट्ट्या तेवढ्या बळकट केल्या. पुसायचं तेही जपून, कारण अंगावर मित्रमंडळींच्या शंभरावर सह्या आहेत. त्या टिकाव्यात म्हणून वरून लॅकरचा हात. सह्यांची एवढी काळजी तर आमच्या काउंटरवरही घेत नाहीत!

१९९० च्या नोव्हेंबरात प्राप्तिकर खात्यानं एक कोटी सदुसष्ट लाख डॉलरांच्या थकबाकीपोटी नेल्सनची मालमत्ता जप्त केली. गिटार मात्र सापडली नाही. मुलीनं ती आधीच हवाई बेटांवर रवाना केली होती. आमच्या हिशेबानं तेव्हा तिची किंमत ८२ डॉलर. साहेबांनी एवढ्यासाठी हमाल केला नसता. पण बापलेकीचा घसाऱ्यावर विश्वास नसावा.

पुढं १९९१ मध्ये कर फेडण्यासाठी नेल्सननं गाण्यांचा एक संच विकायला काढला. त्यात वाद्यवृंद वगैरे काही नाही. तो आणि त्याची गिटार, बस्स. १९९३ मध्ये खात्याशी तडजोड होऊन हिशेब मिटला.