कवळी आणि तिचा कारागीर



कामगार चळवळीतल्या माणसाला दातांवर बोलायला कोणी बोलावले, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. विषय मीच मागून घेतला. माझ्या वरच्या जबड्यात डावीकडचे तीन दात नाहीत. त्यांच्या जागी मी काढती-घालती अर्धी कवळी वापरतो, आणि तिनेच मला या इतिहासाकडे ओढले. शाळा माझी सातवीत सुटली. पुढचे सारे शिक्षण वाचनालयाच्या बाकावरचे.

आपल्या सातारा-सांगलीकडे (१९६० पर्यंत सांगली जिल्हा 'दक्षिण सातारा' म्हणूनच ओळखला जाई, म्हणून मी दोघांना एकच मुलूख धरतो) दात जायला कारणे पुष्कळ. घरोघर मिसरी आहे, तंबाखू आहे. आणि कारखाने आहेत. यंत्राची साखळी तोंडावर बसून पुढचे चार दात गेलेला एक गडी एकदा माझ्याकडे आला. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याची यादी मी उघडली. तर्जनीचे एक पेर तुटले तर कमाईची शक्ती नऊ टक्के घटली, इतका बारीक हिशेब त्या यादीत होता. दाताचे नाव मात्र कोठेच नव्हते. "दात गेल्याने हाताची मजुरी कमी होते काय?" असे मालकाच्या वकिलाने मला विचारले. त्या गड्याला चार महिने भाकरी दुधात कुस्करून खाताना मी पाहिले होते.

कवळी म्हटली की आजोबांची पाण्याच्या पेल्यातली पूर्ण कवळी डोळ्यांपुढे येते. उरलेल्या दातांना न दुखावता, त्यांच्याच आधाराने मधली जागा भरणे हे मात्र निराळे आणि नाजूक काम. अमेरिकेचे वॉशिंग्टन १७८९ साली अध्यक्ष झाले तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. जॉन ग्रीनवुड या दंतवैद्याने पाणघोड्याच्या सुळ्यातून त्यांची खालची कवळी कोरली आणि तो एकुलता दात वर यावा म्हणून तिला भोक ठेवले. याच वॉशिंग्टनच्या जमाखर्चात १७८४ साली एका दंतवैद्याच्या खात्यावर गुलामांकडून नऊ दात रोख पैसे देऊन घेतल्याची नोंद आहे. १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईनंतर तर मेलेल्या शिपायांचे दात उपटून बाजारात आले.

गरिबाच्या तोंडात कवळी येण्याची वाट मोकळी केली ती रबराने. गुडइयर बंधूंच्या शोधातून गंधक घालून तापवलेले कठीण रबर निघाले. ते हिरडीच्या ठशावर तंतोतंत बसे आणि सोन्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडे. पण १८६४ साली रबरी कवळीचा मक्ता कायद्याने एका कंपनीच्या हाती गेला. दंतवैद्याला परवान्याची फी भरावी लागे, शिवाय दर कवळीमागे पट्टी. कंपनीचा खजिनदार जोसाया बेकन हा वसुलीसाठी गावोगाव खटले भरत हिंडे. १८७९ साली सॅन फ्रान्सिस्कोत एका दंतवैद्याने त्याला गोळी घालून ठार केले. दोन वर्षांनी मक्ता संपला आणि रबर सर्वांचे झाले. खुनाचे समर्थन मी करीत नाही. पण मक्तेदारीवर बोलताना हे उदाहरण मला नेहमी आठवते. १९३७ च्या सुमारास अ‍ॅक्रिलिक आले आणि लालसर-काळ्या रबराची सद्दी संपली.

आता रचनेकडे वळू. १९२५ साली न्यूयॉर्कच्या एडवर्ड केनेडीने अर्धवट बोळक्या जबड्यांचे चार वर्ग केले. दोन्ही बाजूंच्या दाढा गेलेल्या, एकाच बाजूच्या गेलेल्या, मध्ये खिंडार पण दोन्ही टोकांना दात उभे असलेले, आणि पुढचे दात गेलेले. तिसऱ्या वर्गाची कवळी दोन खांबांवरच्या पुलासारखी असते. पहिल्या वर्गाची मात्र एकाच बाजूला आधार असलेल्या सज्जासारखी, तिचे मोकळे टोक प्रत्येक घासाला हिरडीत दबते. म्हणून शेजारच्या दातावर छोटा टेकू ठेवून चावण्याचा भार दातावर द्यायचा असतो. तारेची आकडी कवळीला निसटू देत नाही, पण भार पेलणे हे तिचे काम नव्हे. टेकू नसेल तर कवळी हळूहळू खाली रुतते आणि हिरडी सोलते. चांगला सांगाडा कोबाल्ट-क्रोमियमचा. त्यासाठी आधी मेणात नक्षी घडवायची, तिच्याभोवती आवरण लावायचे, मेण जाळायचे आणि पोकळीत धातू ओतायचा. आपले ओतारी देवाच्या मूर्ती याच रीतीने ओततात.

हे सारे करतो कोण? १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने दंतवैद्य, स्वच्छताकार आणि मेकॅनिक अशा तीन नोंदवह्या केल्या. पाच वर्षे याच धंद्यावर पोट भरलेल्या, परीक्षा न झालेल्या दंतवैद्यांनाही त्याने वेगळ्या भागात सामावून घेतले. हे मला न्यायाचे वाटते. मेकॅनिकची व्याख्या केली ती कवळी बनवणारा किंवा दुरुस्त करणारा अशी. कवळी तोंडात बसवणे मात्र दंतवैद्याचेच काम ठरले, आणि रोग्याच्या हिताच्या दृष्टीने ते योग्यच. पण तोंड पाहिलेल्या माणसाने रचना कागदावर उतरवून दिली, तरच ही वाटणी चालते. आज कवलापूर, सांगली, कराड येथे दंतवैद्यकाची महाविद्यालये आहेत, तेथे हे शिकवतात. तरी प्लास्टरच्या साच्यासोबत "वरची, तीन दात" एवढीच चिठ्ठी लॅबमध्ये येते, असे मी स्वतः पाहिले आहे.

माझी पहिली कवळी सहा महिन्यांत हिरडी सोलू लागली. पुढे मजुरीच्या तंट्यासाठी एका लॅबच्या मागच्या खोलीत बसलो होतो. चहा पिताना कवळी काढून रुमालात ठेवली. समोरच्या कारागिराने ती उचलली, आकडीचा बाक पाहिला आणि म्हणाला, "साहेब, ही माझ्या हातची आहे." त्याने माझे तोंड कधी पाहिले नव्हते. मी ते उघडून दाखवले. दिव्याखाली बराच वेळ निरखून तो म्हणाला, "या दाढेवर टेकू पाहिजे होता. चिठ्ठीवर लिहिला नव्हता."