ऑर्गनचा सातबारा

जमीन कोणाकडून कोणाकडे गेली, हे तलाठ्याच्या दप्तरात सापडते. ऑर्गनचे तसे नाही.

संगीत नाटकातला ऑर्गन म्हणजे मोठ्या चर्चमधला नळ्यांचा पाइप ऑर्गन नव्हे. हा पायाने भाता मारून वाजवायचा, आत पितळी सूर. आपल्या पेटीत वारा सुरांवर ढकलला जातो, अमेरिकन ऑर्गनमध्ये तो आत ओढला जातो. म्हणून आवाज मऊ.

कोकणात असा ऑर्गन दिसला की मी आधी नंबर शोधतो. अमेरिकेत ब्रॅटलबरो गावच्या एस्टे कंपनीने पाच लाखांहून अधिक ऑर्गन केले, त्यांवर अनुक्रमांक घातले. त्याचे तक्ते उपलब्ध आहेत, त्यामुळे जन्मसाल साधारण कळते. पंचाईत पुढे सुरू होते.

नाटक कंपनीत वाद्ये कंपनीच्या मालकीची. १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट आला आणि कंपन्यांचे दिवस फिरले. १९३१ मध्ये सावरकरांचे (ते तेव्हा इथे रत्नागिरीतच स्थानबद्ध होते) 'संन्यस्त खड्ग' करणारी मास्टर दीनानाथांची बलवंत मंडळीही पुढे काही वर्षांत बंद पडली. १९३५ मध्ये बालगंधर्व 'धर्मात्मा' चित्रपटात दिसले. कंपनी मोडली की पडदे, पेटारे, वाद्ये मिळेल त्या किमतीला जात. खरेदीखत कोण करतो!

कागद नसला की दंतकथा येते. प्रत्येक जुना ऑर्गन बालगंधर्वांचाच कसा? विकणाऱ्याला त्या नावाने भाव मिळतो, हे खरे कारण. पण त्यात ज्या गावाने देवळाच्या उत्सवातल्या नाटकांसाठी वर्गणी काढून तो घेतला, पावसाळ्यात वाळवीपासून जपला, ते गाव पुसले जाते. मला हे जास्त लागते.

खरी माहिती दुरुस्ती करणाऱ्यांकडे असते. राजापूर तालुक्यातल्या आडिवऱ्याला तर नवे ऑर्गनही तयार झाले आहेत. भाता उघडणाऱ्याला आतले दिसते. 'गंधर्वांचा' म्हणून सांगितलेल्या एका ऑर्गनच्या आतल्या फळीवर मला पेन्सिलीने लिहिलेले एका गावाचे नाव आणि 'नवीन कापड' एवढेच सापडले. घरच्यांचा त्या गावाशी काही संबंध नाही. आता तिथल्या देवळाच्या जमाखर्चाच्या जुन्या वह्या पाहायच्या आहेत. वाळवीने ठेवल्या असतील तर.