चादरीमागचा हात

गॅदरिंगमध्ये आपल्या नावावर फिशपाँड पडला की त्या शब्दात मासे कुठून आले, हे कुणी विचारत बसत नाही. ते आले विलायती धर्मादाय बाजारांतून. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत निधी उभा करायचा तर बायकांनी बाजार भरवायचा, हा शिरस्ताच होता. बॉस्टनच्या गुलामगिरीविरोधी स्त्रियांनी १८३४ पासून असे बाजार भरवले. यादवी युद्धातल्या सैनिकांसाठी १८६४ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन फेअरने दहा लाख डॉलरांहून अधिक रक्कम जमवली. अशा बाजारांत भरतकाम आणि मुरंब्यांच्या शेजारी एक खोटे तळे मांडण्याची रीत रुळली. आडवी चादर, पोराच्या हातात काठी, दोरीच्या टोकाला वाकवलेली टाचणी. पैसे मोजायचे, गळ चादरीपलीकडे टाकायचा, हिसका बसला की ओढायचा. पुडक्यात शिटी निघे, नाहीतर रुमाल.

पण मासेच का? मुलांची करमणूक, हे उत्तर सोपे आहे, पण अपुरे. इंग्लंडची सरकारी लॉटरी १८२६ मध्ये बंद झाली होती आणि धर्मोपदेशकांचा सोडतींवर रोष होता. चर्चला पैसा हवा, जुगाराचे नाव नको. मेट्रोपॉलिटन फेअरमध्ये मानाची तलवार कुणाला द्यायची हे ठरवायला एका डॉलरला एक मत विकले गेले, यावरून ही कसरत किती टोकाला जाई ते दिसते. गळाने ती अडचण हसतखेळत सोडवली. आत काय आहे ते न पाहता पैसे मोजायचे, म्हणजे ही लॉटरीच, असा आक्षेप घेता येतो. तो निम्माच खरा आहे. लॉटरीत अनेकांचे जाते आणि एकाला मिळते. इथे रिकाम्या हाताने कुणी परतत नाही. शिवाय नशिबाला इथे वावच नसतो. चादरीमागे बसलेली बाई गळ टाकणारा मुलगा की मुलगी हे कानोशाने ओळखून बेताचे पुडके अडकवते. मॅक्लॉफ्लिन बंधूंनी १८९० च्या सुमारास खोक्यातला 'फिश पाँड' हा खेळ विकला, त्यात निदान हात स्थिर लागे. बाजारातल्या तळ्यात तेवढेही कौशल्य नको. लॉटरी आणि बाजारातला असा खेळ यांतला भेद ब्रिटिश कायद्याला उशिरा सुचला: १९३४ च्या कायद्याने बाजार-जत्रांतल्या लहान सोडतींना मुभा दिली, मात्र रोख बक्षिसांना मनाई ठेवली.

आपल्या कॉलेजांत हे तळे आले तेव्हा गळ गेला, निधीही गेला; पुडक्याच्या जागी निनावी टोमण्याची चिठ्ठी आली. मराठीत त्याला शेलापागोटे असे झकास नावही मिळाले. नाव सोडले तर साम्य काय उरले, असे कुणी म्हणेल. उरली ती चादर. पेटीत निनावी चिठ्ठी टाकणाऱ्यालाही समोरचा कोण हे पक्के ठाऊक असते, आणि त्याच्या मापाचेच पुडके तो गळाला अडकवतो.