रबरी नळीचं संगीत

आजच्या गप्पांत आपण जरा लांब जाणार आहोत, थेट लंडनला.

लग्नाच्या वरातीत बँडवाल्यांमध्ये एकजण भलामोठा पितळी भोंगा घेऊन चालत असतो, बघा. सगळी पोरंटोरं त्याच्याच मागे. त्याच जातीचं ट्युबा नावाचं वाद्य वाजवणाऱ्या एका माणसाची ही गोष्ट. त्याचं नाव जेरार्ड हॉफनुंग. तो चित्रं काढायचा, वाजवायचा आणि लोकांना पोट दुखेपर्यंत हसवायचा.

हॉफनुंग या जर्मन शब्दाचा अर्थ आशा. जेरार्डचा जन्म १९२५ चा, बर्लिनमधल्या एका ज्यू घरातला. हिटलरचं राज्य आलं आणि ज्यू माणसांना तिथं जगणं मुश्किल झालं. दुसरं महायुद्ध पेटायच्या आधी शाळकरी जेरार्ड लंडनला पोचला. देश गेला, भाषा गेली. पण हा पोरगा पुढे असा इंग्रज झाला की इंग्रज लोकच त्याला आपल्यातला अस्सल वल्ली म्हणायला लागले.

शाळेत असतानाच त्याचं व्यंगचित्र मासिकात छापून आलं. पुढे चित्रकलेच्या कॉलेजातून मात्र त्याला काढून टाकलं. वर्गात गंभीर राहत नाही, ही तक्रार! मग त्याने मुलांना चित्रकला शिकवली आणि वादकांची गमतीदार चित्रं काढली. त्यांची पुस्तकं खूप खपली. मोठी वाद्यं आणि त्यांत अडकलेली बिचारी माणसं, असं काय काय त्यांत असे. ट्युबा तो हौसेनं शिकला आणि मॉर्ली कॉलेजच्या वाद्यवृंदात वाजवू लागला.

आता खरी मजा ऐका. लंडनला थेम्स नदीकाठी रॉयल फेस्टिव्हल हॉल नावाचं मोठं सभागृह आहे. तिथं लोक ठेवणीतले कपडे घालून जातात, खोकलासुद्धा दाबून धरतात. १३ नोव्हेंबर १९५६ ला हॉफनुंगने तिथं एक संगीत महोत्सव भरवला. डेनिस ब्रेन हा त्या काळचा फ्रेंच हॉर्नचा सगळ्यात नावाजलेला वादक. त्याने त्या रात्री चक्क बागेला पाणी घालायची रबरी नळी वाजवली! आणि सुरात वाजवली हं.

त्याच रात्री माल्कम आर्नल्ड या संगीतकाराची एक रचना झाली. पूर्ण वाद्यवृंद, जोडीला ऑर्गन, चार बंदुका, घरातला कचरा ओढून घेणारी तीन यंत्रं आणि फरशी घासायचं एक यंत्र. ‘हूवर’ हे अशी यंत्रं बनवणाऱ्या कंपनीचं नाव. आपण जसं लोखंडी कपाटाला गोदरेजचं कपाट म्हणतो, तसं तिकडे त्या यंत्रालाच हूवर म्हणतात. म्हणून ही रचना अर्पण केली होती अमेरिकेच्या हूवर नावाच्या माजी अध्यक्षांना. आम्हाला यात एक गोष्ट फार भावते. घर झाडण्याचा आवाज बाईच्या कानाला रोजचाच. त्याच आवाजासाठी तिथं स्वरलिपी लिहिली गेली, कधी सुरू करायचं, कधी थांबायचं ते ठरवलं गेलं. शेवटी बंदूकवाले त्या यंत्रांना गोळ्या घालतात, हा भाग वेगळा. रोज झाडणाऱ्या कुणालाही तो पटावा!

आणखी एका रचनेत पियानोवाली एक धून धरते आणि वाद्यवृंद दुसरीच. एकादशीच्या भजनात पेटीने एक अभंग धरला आणि टाळकऱ्यांनी दुसरा, दोघंही हटेनात, तर काय होईल? तसंच. पण हे बिघडवणं सोपं नसतं. दोन्ही बाजू पक्क्या सुरात असल्या तरच ही भांडणं रंगतात. म्हणून हॉफनुंगने सगळ्यात चांगले कलाकार गोळा केले होते. पुढच्या एका महोत्सवात विल्यम वॉल्टन हे मोठे संगीतकार आपल्याच एका भव्य रचनेसाठी माशा मारायची जाळी हातात घेऊन उभे राहिले. गायकवृंद एकच शब्द ओरडला आणि रचना संपली.

४ डिसेंबर १९५८ ला ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांपुढे त्याने केलेलं भाषण बीबीसीने ध्वनिमुद्रित केलं. त्यात त्याने एका गवंड्याचं पत्र वाचून दाखवलं. गोष्ट जुनीच, पण सांगावी ती त्यानेच. गवंडी कप्पीवरून दोर टाकून रिकामं पिंप वर चढवतो, दोर खाली बांधतो, वर जाऊन पिंपात विटा भरतो आणि खाली येऊन दोर सोडतो. विहिरीवर रहाट ओढलेल्या बाईला पुढचं सांगायला नको. पिंप जड, गवंडी हलका. तो सुसाट वर, पिंप खाली, वाटेत टक्कर. पिंप आपटतं, बूड फुटतं, विटा सांडतात. आता गवंडी जड! तो खाली, पिंप वर, पुन्हा टक्कर. विटांवर पडल्यावर तो दोर सोडतो, आणि पिंप त्याच्या डोक्यावर येतं. हॉफनुंग हे अगदी सावकाश, म्हाताऱ्या माणसाच्या आवाजात सांगतो. मधेच थांबतो, आणि तेवढ्यात लोक हसून लोळतात. तेव्हा त्याचं वय होतं ३३.

हसवणं हे त्याचं एकच काम नव्हतं. तो क्वेकर या शांतताप्रेमी ख्रिस्ती पंथात गेला होता आणि लंडनच्या पेंटनव्हिल तुरुंगात कैद्यांना भेटायला जायचा.

२८ सप्टेंबर १९५९ ला मेंदूत रक्तस्राव होऊन तो अचानक गेला. चौतिसावं वर्ष. मागे पत्नी ॲनेटा, एक मुलगा आणि एक मुलगी, दोघंही लहान. लग्नाला उणीपुरी सात वर्षं झालेली. ॲनेटाने दोन मुलं वाढवली आणि नवऱ्याची चित्रं, ध्वनिमुद्रणं, त्या विचित्र रचना सगळं सांभाळलं. १९६१ मध्ये त्याच सभागृहात त्याच्या आठवणीत महोत्सव झाला. तिने १९८८ मध्ये त्याचं चरित्रही लिहिलं. हॉफनुंगचं नाव सगळे घेतात, ॲनेटाचं फार कमी जण घेतात. म्हणून आम्ही ते मुद्दाम घेतलं.

२००९ मध्ये, त्याच्या मृत्यूला पन्नास वर्षं झाली तेव्हा, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधल्या प्रॉम्स या प्रसिद्ध संगीत महोत्सवाच्या शेवटच्या रात्री आर्नल्डची ती रचना पुन्हा झाली. टीव्हीवर जंगलातले प्राणी दाखवणारे डेव्हिड ॲटनबरो तुम्ही पाहिले असतील. त्या रात्री फरशी घासायचं यंत्र त्यांनी चालवलं.